नाकासमोर नको, जरा वळून!

आधीच कबूल करून टाकते. मी मुलुंडची. आमच्या बिल्डिंगमध्ये 'क्लब' म्हटलं की भिशी आठवते, नाहीतर रोटरी. गोल्फ म्हणजे बाबा चॅनेल बदलताना मध्येच दोन सेकंद दिसणारी हिरवळ. आणि आमच्या घरातला सगळ्यात मोठा फंडा म्हणजे 'नाकासमोर चालावं'. शाळा, क्लास, कॉलेज, नोकरी, सगळं सरळ रेषेत. मी मास कम्युनिकेशन करून फ्रीलान्सिंगला लागले, तेव्हा आईने 'पोरगी वाकड्यात शिरली' असंच जाहीर केलं होतं.

तर या वाकड्यात शिरलेल्या पोरीला गेल्या महिन्यात एक मेल आला. एका कंपनीचं हाऊस मॅगझिन मी वर्षभर काढतेय. त्यांच्या मार्केटिंगच्या मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं, 'तू गोल्फ शिकतेयस असं ऐकलं. तिसऱ्या रविवारी आम्ही नऊ होल खेळतोय. ये.' मी गोल्फ शिकत होते हे खरं. दोन महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीने मला अंधेरीच्या एका इनडोअर सिम्युलेटरवर ओढून नेलं होतं. पण त्या मेलकडे मी बघत बसले त्याचं कारण वेगळंच होतं. या कंपनीकडे माझे तीन महिन्यांचे पैसे अडकलेले. चार मेल, दोन फोन आणि एक 'जेंटल रिमाइंडर' टाकून झालेला. आता साहेब स्वतः चार तास समोर सापडणार. बॉस, हा चान्स सोडायचा?

फक्त एक प्रॉब्लेम होता. माझा बॉल सरळ जात नव्हता. मी समोर बघून मारायचे आणि तो अर्ध्यातून उजवीकडे वळून थेट शेजारच्याच्या हद्दीत. याला म्हणतात स्लाइस. नवशिक्यांमध्ये हा आजार सर्दीइतका कॉमन. तेव्हा मी कोचला म्हटलं, 'तीन आठवड्यांत मला सरळ मारायला शिकवा.' तो हसला आणि म्हणाला, 'सरळ मारणं हा गोल्फमधला सगळ्यात अवघड शॉट आहे. त्यापेक्षा मुद्दाम वळवायला शिक.'

मला वाटलं, हा फी वाढवतोय.

त्याने माझ्या हातात दिला हायब्रिड. नाव गाडीचं वाटतं आणि भानगडही साधारण तीच. गोल्फच्या बॅगेत एका टोकाला असतात मोठ्या डोक्याचे वुड्स, लांब मारायला. दुसऱ्या टोकाला पातळ पात्याचे आयर्न्स. यातले लांब दांड्याचे आयर्न्स, म्हणजे दोन, तीन, चार नंबरचे, भल्याभल्यांना जमत नाहीत. बॉल वर उठतच नाही. हायब्रिड म्हणजे या दोघांचं लग्न. दांडा आयर्नच्या जवळपास, डोकं वुडसारखं फुगीर पण लहान. वजन खाली आणि मागे ठेवलेलं, त्यामुळे बॉल पटकन हवेत जातो. उंच गवतात पातळ पातं अडकतं, तिथे हा सपकन घुसून निघतो. या शतकाच्या सुरुवातीला हे क्लब बाजारात जोरात आले आणि बघता बघता लोकांच्या बॅगेतल्या लांब आयर्न्सनी व्हीआरएस घेतली.

तोवर हायब्रिडला 'म्हाताऱ्यांचा क्लब' म्हणून हसणारेही होते. त्यांची बोलती २००४ साली बंद झाली. स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रूनवर ब्रिटिश ओपनच्या प्ले-ऑफमध्ये टॉड हॅमिल्टन नावाच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या अमेरिकन गड्याने अर्नी एल्ससारख्या दादाला हरवलं. शेवटच्या होलवर, ग्रीनच्या बाहेरून, त्याने बाहेर काढला हायब्रिड! पटरसारखा हलकेच ढकलला, बॉल घरंगळत होलजवळ जाऊन थांबला. खेळ खलास.

असो. अंधेरीत परत या.

मी हुशारी करून आधीच एक पुस्तक वाचलं होतं, फाऊंटनच्या फुटपाथवर घेतलेलं. त्यात शॉट वळवायची सोपी कृती होती. पाय आणि खांदे ठेवा तिकडे, जिकडून बॉल निघायला हवा. क्लबचं तोंड ठेवा तिकडे, जिथे तो पोचायला हवा. मारा. कोचने पडद्यावर एक झाड आणलं, बरोबर माझ्या आणि झेंड्याच्या मध्ये. म्हणाला, 'डावीकडून काढ आणि उजवीकडे वळव.' मी पुस्तकाबरहुकूम पाय डावीकडे, तोंड झेंड्याकडे. मारला. खाट! कॉम्प्युटरचं झाड असूनही आवाज इतका खरा की मी दचकले.

'पुन्हा.'

खाट!

पाचव्या खाटनंतर त्याने मला आकडे दाखवले. या मशीनला बॉल सुटायच्या क्षणी क्लबचं तोंड कुठे होतं आणि क्लब कुठल्या वाटेने आला, दोन्ही कळतं. गंमत अशी की कित्येक वर्षं पुस्तकांत उलटं छापलं जायचं. बॉल निघतो क्लबच्या वाटेने आणि जातो तोंडाकडे, असं. रडारवर चालणारी यंत्रं आली आणि दिसलं की बॉल निघतो तो मुख्यतः तोंड जिकडे असेल तिकडे. पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तोंडाचा, उरलेला वाटेचा. मग तो वळतो, कारण तोंड आणि वाट यांच्यात फरक असतो. त्या फरकामुळे बॉलची फिरकी तिरकी होते आणि तो त्या अंगाला झुकतो. मी पुस्तकाप्रमाणे तोंड झेंड्याकडे ठेवलं होतं आणि मध्ये झाड होतं. म्हणजे मी झाडावरच नेम धरत होते!

मग खरी कृती काय? उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगते, डावखुऱ्यांनी आरशात बघावं. बॉल डावीकडून निघून उजवीकडे वळायला हवा असेल, म्हणजे फेड, तर तोंड झेंड्याच्या थोडं डावीकडे आणि क्लबची वाट त्याहूनही डावीकडे. उलट हवं असेल, म्हणजे ड्रॉ, तर तोंड थोडं उजवीकडे आणि वाट त्याहूनही उजवीकडे. म्हणजे तोंड नेहमी वाट आणि झेंडा यांच्या मधोमध. फरक थोडाच ठेवायचा. जास्त झाला की फेडचा स्लाइस होतो आणि ड्रॉचा हुक.

डोक्यात शिरलं. हातात शिरेना. आकडे बघून मारायला गेलं की मी रोबोसारखी आखडायचे. आठवडा गेला, झाड तिथेच.

मशीनचं बघणारा एक पोरगा तिथे असतो. बॉल गोळा करतो, मॅट पुसतो, आम्हा नवशिक्यांच्या गमती बघून गालात हसतो. तो एकदा निघताना म्हणाला, 'मॅडम, माझे मामा चेंबूरला कॅडी आहेत. सोमवारी सुट्टी असते. या कधी तरी. तिकडे झाडं नाहीत, पण भिंती भरपूर आहेत.'

आता चेंबूर आणि गोल्फ हे नातं जुनं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब तिथे १९२७ पासून आहे. आपण ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या ट्रॅफिकमध्ये घाम पुसत असतो, आणि तिथून थोड्याच अंतरावर अठरा होलची हिरवळ पसरलेली असते. पण कोर्स म्हटला की कॅडी आले आणि कॅडी आले की त्यांच्या वस्त्या आल्या. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्या या लोकांनी चेंबूरच्या गल्लीबोळांत स्वतःचा गोल्फ सुरू केला. त्यावर बातम्या झाल्यात, परदेशी फोटोग्राफर येऊन गेलेत. मी मात्र मुलुंडमध्ये जन्म काढून हे कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी घाटकोपरला उतरले, रिक्षा केली, पोराने सांगितलेल्या नाक्यावर थांबले. मामा न्यायला आले. पन्नाशीचे असतील. पांढरा शर्ट, पायात कुणीतरी दिलेले गोल्फचे जुने बूट. मी म्हटलं, 'नमस्कार मामा.' ते म्हणाले, 'या ताई. चहा आधी की शॉट आधी?'

शॉट आधी.

त्यांचा क्लब म्हणजे बांधकामाची सळई. तापवून वाकवलेली, टोकाला ठोकून चपटी केलेली. वर धरायला पाण्याच्या पाइपाचा तुकडा. बॉल प्लास्टिकचा, नाहीतर कुणाची काच गेली की महिनाभर भांडण. होल म्हणजे कुठे खड्डा, कुठे डब्याचं झाकण. पहिला होल नळापासून सुरू होतो आणि काटकोनात वळून पिठाच्या गिरणीपाशी संपतो. सरळ मारलात तर बॉल समोरच्या भिंतीवर. म्हणजे बघा, आपल्याला जी गोष्ट ॲडव्हान्स्ड कोर्समध्ये शिकवतात, ती इथे पहिल्या होलचा पहिला शॉट!

मामा ओरडले, 'ए, बाजूला!' पोरं, एक कोंबडी आणि एक आजी सवयीने बाजूला झाली. सळई फिरली. बॉल नळाच्या डावीकडून निघाला, कोपऱ्यावर आला आणि एखादा रिक्षावाला वळावा तसा उजवीकडे वळून दिसेनासा झाला. गिरणीकडून कुणीतरी ओरडलं, 'आला!'

मी विचारलं, 'कसं केलंत?'

ते म्हणाले, 'ताई, तोंड सांगतं निघायचं कुठून. हात सांगतो वळायचं कुठं. दोघांचं एकमत झालं की बॉल सरळ. भांडण लावलं की वळतो. पण भांडण नवराबायकोसारखं पाहिजे. थोडंसं. घर मोडायचं नाही.'

अंधेरीत तासाला दोन हजार देऊन जे रडारवर पाहिलं होतं, तेच. फक्त इथे ते ऐकून मला हसू आलं आणि खांदे सैल झाले. बहुतेक तेवढंच कमी पडत होतं.

मग मामांनी माझा हायब्रिड हातात घेतला. बॅगेतून काढताना जरा पुसलाही. आणि पुढचा तास त्यांनी जे सांगितलं, ते मी घाटकोपरहून परत येताना गर्दीत उभ्याउभ्या मोबाइलवर टाइप करून ठेवलं.

हायब्रिडला आयर्नसारखं मारायचं. बॉल वर उडवायला खालून उचलायला जायचं नाही. वजन खाली आहे, उचलायचं काम तो करतो. आपण किंचित वरून खाली यायचं.

मधोमध लागला तरच वळण आपलं. हायब्रिडचं डोकं फुगीर असल्यामुळे बॉल टोकाकडे लागला तर तो आपोआप डावीकडे वळायला बघतो, दांड्याकडे लागला तर उजवीकडे. म्हणजे आपण ठरवायचं एक, व्हायचं भलतंच. म्हणून आधी शंभर वेळा मधोमध लावा, मग वळणाच्या गप्पा.

हायब्रिडकडून केळ्यासारख्या वळणाची अपेक्षा नको. ड्रायव्हर सहज वळतो, कारण त्याचं तोंड जवळजवळ उभं असतं. तोंड जितकं आडवं, तितका बॉल वर चढतो आणि कमी वळतो. हायब्रिड मधला. झाडाला वळसा घालेल, यू-टर्न मारणार नाही.

खालून काढायचा असेल, फांद्यांच्या खालून, तर बॉल पायांच्या जरा मागे, हात बॉलच्या पुढे आणि स्विंग शेवटी आखूड. उंच हवा असेल तर बॉल जरा पुढे आणि स्विंग पूर्ण.

'आणि ताई,' मामा म्हणाले, 'तुमचा स्लाइस आहे ना, त्याला शिव्या घालू नका. तो फेडचा थोरला भाऊ. नुसता दंगा करतोय. ड्रॉ शिकायला तुम्हाला वर्ष लागेल. तीन आठवड्यांत याच भावाला शाळेत घाला.'

दोन महिन्यांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. जो दोष काढून टाकायला मी पैसे मोजत होते, त्याचीच कापाकापी करून शॉट बनवायचा होता.

मी म्हटलं, 'मामा, तुमच्याकडे एकच सळई. कोर्सवर लोक चौदा क्लब घेऊन येतात.' चौदा हीच नियमाने कमाल मर्यादा, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. ते म्हणाले, 'हातात एक आहे. मनात चौदा.'

सेव्ह बॅलेस्टेरॉसची गोष्ट मी नंतर शोधून वाचली. पाच मेजर स्पर्धा जिंकलेला हा स्पॅनिश माणूस लहानपणी पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एका जुन्या तीन नंबरच्या आयर्नवर खेळायला शिकला. एकाच क्लबने उंच, खुजे, वाकडे, सगळे शॉट. पुढे लोक त्याला जादूगार म्हणाले. आणि २००९ साली अमेरिकेत हेझल्टाइनवर पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलवर कोरियाच्या वाय. ई. यांगसमोर काय होतं माहितीये? वाटेत एक झाड, होल साधारण २०६ यार्डांवर आणि मागे खुद्द टायगर वुड्स. यांगने हायब्रिड काढला, बॉल झाड चुकवून होलपासून काही फुटांवर टाकला आणि मेजर जिंकणारा आशियातला पहिला पुरुष झाला. हा यांग एकोणिसाव्या वर्षी गोल्फकडे वळला, तोही ड्रायव्हिंग रेंजवर बॉल गोळा करण्याचं काम करताना. आपल्याकडे कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता क्लबवर एका माळ्याचा पोरगा असाच बघून बघून शिकला. एस. एस. पी. चौरसिया. त्याने २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते फार भारावले वगैरे नाहीत. म्हणाले, 'चौरसिया माहितीय. चांगला खेळतो.' जणू शेजारच्या गल्लीतला.

निघताना मी पाकीट काढलं. त्यांनी हात मागे घेतला. 'पैसे नकोत. पेपरात लिहिता ना तुम्ही? मग लिहा. पण एक करा. गरीब बिचारे कॅडी, असं नका लिहू. सगळे तसंच लिहितात. आम्ही खेळतो, असं लिहा.'

मी मान डोलावली. खरं सांगते, माझ्या डोक्यात हेडिंग तेच तयार होत होतं. 'बिचारे' वालं.

तर तो रविवार.

सकाळी सहाला कोर्सवर. साहेब, त्यांचे दोन मित्र आणि मी. तिघांच्या बॅगा माझ्या वजनाच्या. माझ्याकडे उसनी हाफ बॅग आणि त्यात साडेतीन हजारांचा सेकंडहँड हायब्रिड. पहिले तीन होल मी कसेबसे काढले. पैशाचा विषय दोनदा जिभेवर आला, दोनदा गिळला. एकदा तर मी चक्क 'सर, यंदा पाऊस लांबला ना,' असं म्हणाले.

चौथ्या होलवर माझ्या थोरल्या भावाने दंगा केलाच. बॉल उजवीकडे गवतात. समोर पंधरा पावलांवर पर्जन्यवृक्ष, त्याच्या बरोबर मागे झेंडा, अंतर साधारण एकशेवीस यार्ड. उजवीकडे कंपाउंडची भिंत. डावीकडे मोकळं. फांद्या खाली आलेल्या.

साहेब म्हणाले, 'बाजूला काढून टाक. उगाच हिरोगिरी नको.' सल्ला चुकीचा नव्हता. दहातल्या नऊ वेळा तेच करावं. पण मला समोर झाड दिसत नव्हतं. मला नळ दिसत होता, कोपरा आणि गिरणी.

माझी बॅग उचलणारा कॅडी एक अबोल मुलगा होता. मी हायब्रिडला हात घातला तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मी बॉल जरा मागे घेतला. हात पुढे. तोंड झाडाच्या डाव्या अंगाला, पाय आणि खांदे त्याहून डावीकडे. भांडण थोडंसं. घर मोडायचं नाही. आणि मारला.

बॉल खालून निघाला, डावीकडून झाडाला अगदी चाटून गेला, आणि मग, शप्पथ सांगते, सावकाश उजवीकडे वळला. ग्रीनवर नाही पोचला. दहा पावलं आधी थांबला. पण झेंड्याच्या बरोबर समोर.

कॅडी पुटपुटला, 'सही.' साहेब म्हणाले, 'हे कुठून शिकलीस?' मी म्हटलं, 'चेंबूरला. गल्लीत.' त्यांना वाटलं मी विनोद केला.

तिथून मी हॅमिल्टनसारखा हायब्रिडनेच बॉल ढकलला, दोन पट लागले. एकूण पाच, म्हणजे बोगी. जगाच्या दृष्टीने साधा स्कोअर. माझ्या दृष्टीने मेजर.

आता इथे असा एक कॉलम लिहिता आला असता की गोल्फने मला शिकवलं, आयुष्यातही वळून वळून जावं. डिप्लोमसी करावी, सरळ बोलू नये, सरळ बोटाने तूप निघत नाही वगैरे. पण पाचव्या टीकडे चालताना मला उलटंच सुचलं. शॉट वळवायचा तो मध्ये झाड असतं म्हणून. माझ्या आणि माझ्या पैशांच्या मध्ये झाड कुठे होतं? साहेब शेजारीच चालत होते. तीन महिने मीच पावसापाण्याच्या गप्पांनी वळसे घालत होते.

म्हटलं, 'सर, माझं तीन महिन्यांचं पेमेंट आलेलं नाही.'

ते थांबले. 'अगं, मग आधी का नाही बोललीस? एक मेल टाक ना.'

'सर, चार टाकलेत.'

पुढच्या बुधवारी दोन महिन्यांचे आले. तिसऱ्याची वाट बघतेय. सरळ मारलेला बॉलही कधीकधी थोडा आखूड पडतो.

तुम्हाला करून बघायचंय? अंधेरी-पवई पट्ट्यात सिम्युलेटर सापडतील. खरी हिरवळ हवी तर मेंबरशिपच्या भानगडीत न पडता सिडकोचा खारघर व्हॅली कोर्स आहे. पहिल्याच दिवशी क्लबांचा सेट घेऊ नका. एक सेकंडहँड हायब्रिड आणि एक पटर बस झालं. आधी बघा की तुमचा बॉल आपणहून कुठे वळतो. मग त्याला दुरुस्त करायच्या आधी त्याला ओळखा. जमिनीवर दोन काठ्या ठेवा, एक झेंड्याकडे, एक पायांच्या रेषेत, आणि तोंड दोघींच्या मध्ये. अर्धा स्विंग. वीस बॉल. घाई करू नका. आणि कोर्सवर गेलात तर कॅडीला 'किती यार्ड?' एवढंच विचारू नका. 'तुम्ही काय माराल?' असंही विचारा. फुकटात मास्टरक्लास मिळेल.

त्यानंतरच्या सोमवारी मी पेढे घेऊन चेंबूरला गेले. मामांनी पैशांचं विचारलं नाही. विचारलं, 'वळला?'

'वळला.'

'तोंड कुठं होतं?'

'डावीकडे. झाडाच्या बाहेर.'

'मग वळणारच,' म्हणाले आणि सळई माझ्या हातात दिली. 'मारा पहिला होल.'

पाइपाची ग्रिप धरली. पोरं, कोंबडी आणि आजी बाजूला झाली. नळाच्या डावीकडून काढला, कोपऱ्याआधीच तो गर्रकन उजवीकडे वळला आणि एका दारासमोर भांडी घासत बसलेल्या काकूंच्या टोपलीत टण्णकन पडला. माझा जीव घशाशी. आता ऐकून घ्यावं लागणार.

काकूंनी कढई बाजूला केली, बॉल उचलून विसळला आणि माझ्याकडे टाकला.

'तोंड लई उघडं राहिलं, ताई,' त्या म्हणाल्या. 'पुन्हा मारा.'